मागच्या शेडमधली गाडी

डेपोत डिझेलचा थेंबही उरता कामा नये, हे साहेबांच्या डोक्यात शिरलं आणि माझ्या या हातांनी ते करून दाखवलं. बाकी सगळ्या बस विजेवर आल्या होत्या. चांगल्याच होत्या हो, उगाच खोटं कशाला बोलू? वीस वर्षं इंजिनात डोकं घालून जडलेला माझा खोकलासुद्धा गेला. अडीअडचणीला म्हणून एकच जुनी डिझेलगाडी मागच्या शेडमध्ये ठेवली होती. दर सोमवारी मी तिला दहा मिनिटं चालू करायचो.

स्वच्छ डेपोच्या स्पर्धेच्या तपासणीआधी आठवडाभर साहेब म्हणाले, "मिस्त्री, हिच्यापायी आपला पहिला नंबर जाणार. टाकी रिकामी करा, इंजिन उतरवा."

"साहेब, वीजच गेली तर?"

"तुम्हाला नेहमी अभद्रच सुचतं!"

मी पाने काढले आणि इंजिन उतरवायला घेतलं. नियमात एक राखीव डिझेलगाडी ठेवलेली चालत होती, हे मला ठाऊक होतं. पण पहिला नंबर मलाही हवा होता. बक्षिसाच्या फोटोत साहेबांच्या शेजारी दात काढून उभा आहे तो मीच.

दोन महिन्यांनी वादळात विजेचे मनोरे आडवे झाले. बॅटरीत होतं तेवढ्यावर गाड्या एक दिवस धावल्या, मग सगळ्या जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी चिखल तुडवत डेपोत आले. माझ्या ताईचं डायलिसिस चुकलं होतं. पाय सुजलेले, धाप लागलेली, आणि इस्पितळ तीस किलोमीटर लांब. अँब्युलन्सला फोन लागत नव्हता, आणि गावातल्या गाड्याही विजेवरच्याच.

"ती जुनी गाडी काढ," दाजी म्हणाले. "ताई म्हणते, भाऊ डेपोत असताना कसली काळजी?"

मी त्यांना शेडमध्ये नेलं. जमिनीवर उतरवून ठेवलेलं इंजिन बघून त्यांनी बाह्या वर सारल्या.

इंजिन बसवायला दीड दिवस लागतो. मी, दाजी आणि डेपोतला हेल्पर, आम्ही तिघांनी ते आठ तासांत बसवलं. जवळच्या दगडखाणीवर यंत्रांसाठी ठेवलेलं दोन कॅन डिझेल आणलं. संध्याकाळी ताईला आणि गल्लीतल्या आणखी दोन पेशंटना घेऊन निघालो.

"माझ्या भावानं जपून ठेवली होती हो ही गाडी," ताई मागे त्यांना सांगत होती. एकेका शब्दाला दम खात सांगत होती. "त्याला सगळं आधी सुचतं."

मी आरशात बघितलं नाही. गाडी दामटत राहिलो.

इस्पितळाच्या अलीकडच्या वळणावर दाजी पुढे आले. मागून ताईची धाप आता ऐकू येत नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू घे," ते म्हणाले. "त्या दोघांना धक्के बसतायत."