घरचं ब्लेड

गिऱ्हाइकाने खुर्चीत मान टेकवली की थोरला त्याच्या डोळ्यांदेखत नव्या ब्लेडचा कागद सोडायचा. एका ब्लेडवर चार गालफडं उरकणाऱ्या न्हाव्यांचा तो तोंडभर उद्धार करायचा. दुकान बंद झालं की मात्र दोघे भाऊ खणातल्या 'घरच्या' ब्लेडने एकमेकांची दाढी करत. ते बोथट होईपर्यंत चालायचं. "आपण काय गिऱ्हाईक आहोत?" थोरला म्हणायचा.

फार पूर्वी थोरल्याला कावीळ झाली होती. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, कावीळ उतरली, विषय संपला.

आता धाकटा इस्पितळात होता. पोट पाण्याने फुगलेलं, हातापायांच्या काड्या. लिव्हर पार कामातून गेलं होतं. घरच्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच आशा होती. भावाशिवाय होतं कोण? थोरला बाह्या सरसावूनच तपासणीला गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी आज रिपोर्ट पुढ्यात ठेवला. "तुमचं नाही घेता येणार. त्यांना आहे तोच आजार तुम्हालाही आहे. हिपॅटायटिस बी."

"माझी कावीळ कधीच उतरली, बाई."

"पिवळेपणा उतरला. विषाणू रक्तात राहिला. रक्ताचा अंश लागलेल्या कशानेही तो पसरतो. सुई म्हणा, दाढीचं ब्लेड म्हणा."

कुणाकडून कुणाला, हे विचारायची थोरल्याची छाती झाली नाही.

"तुम्हाला औषध सुरू करू. बायकोमुलांचं रक्त तपासा आणि त्यांना लस टोचून घ्या."

"याची लस असते?"

"कितीतरी वर्षं झाली."

वॉर्डात धाकटा उशीला टेकून वाट बघत होता. "दादा, दाढी कर बाबा. ऑपरेशनआधी जरा माणसात आण."

थोरल्याने पिशवी उघडली. सवयीने हात घरच्या ब्लेडकडे गेला आणि चटका बसावा तसा मागे आला. त्याने नवं काढलं, कागद सोडला.

धाकट्याला हसू फुटलं. "नवं ब्लेड? मी गिऱ्हाईक कधीपासून झालो रे?"

थोरल्याने ब्रश उचलला आणि भावाच्या ओठांवरही भरपूर साबण फासला, त्याने पुढचं काही विचारू नये म्हणून.