लांडगीचा आवाज

किनानचं म्हणणं एका वाक्यात मावतं: लांडगी म्हणजे बद्रची आई. या एका वाक्याच्या बुडाशी त्याने वर्षानुवर्षं पुरावे रचले होते.

'राखेचं रान' हा जपानी कार्टूनपट. आमच्या पिढीतल्या बहुतेक अरब मुलांनी तो दमास्कसमध्ये भरलेल्या अरबी आवाजांत, शाळेतून आल्यावर, टीव्हीसमोर जेवता जेवता पाहिला. मुलांचा म्हणून दाखवायचे, पण त्यात मुलांसाठी असं फारसं काही नव्हतं. एका गावावर राख पडत असते, माणसं हळूहळू नुसत्या सावल्या होत जातात. बद्र नावाच्या मुलाची आई मामाच्या गावाला गेलेली असते, ती परत येत नाही, आणि तो तिला शोधायला रानात शिरतो. तिथे त्याला एक राखाडी लांडगी भेटते. ती त्याला रानाच्या पलीकडे नेऊन सोडते आणि मागे न बघता निघून जाते. संपलं. आई शेवटपर्यंत येत नाही.

मोठे झाल्यावर किनान, मी आणि आणखी काही जण शुक्रवारी नमाजानंतर अम्मानमधल्या जबल अल-वैबदेहच्या एका कॅफेत, वरच्या मजल्यावर, या सिनेमाचा कीस काढायला जमायचो. मुहन्नद नावाचा पाणीपुरवठ्यातला इंजिनीअर होता. त्याच्या मते राख म्हणजे तेल आणि सगळा सिनेमा पाइपलाइनीच्या राजकारणावर होता. रहफ दातांची डॉक्टर. तिने बद्रचे दुधाचे दात कुठल्या प्रसंगात पडलेत याचा अभ्यास करून सगळी कथा चार वर्षांत घडते असं ठरवलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, म्हणून प्रत्येक गोष्टीत काड्या घालायचं काम माझ्याकडे.

"आली बघा शंकेखोर," मुहन्नद म्हणायचा. "लमीस, आज कोणाचं घर पाडणार?"

"तुझंच. पाइपलाइन एवढी उघडी पडलीय, पाडायला काही राहिलं नाही."

किनानचं घर मात्र मजबूत होतं. सुरुवातीच्या प्रसंगात आईचा डावा पाय भाजतो. लांडगी डाव्या पायाने लंगडते. निरोपाच्या प्रसंगात आई उंबरा ओलांडताना दिसत नाही. लांडगी प्रत्येक दारापाशी थांबते. लांडगी काही खाताना दिसत नाही, मेलेल्यांना भूक नसते. आणि सगळ्यात मोठा पुरावा, आवाज. ते दोन्ही आवाज मी स्वतः संगणकावर तपासले होते. एक मऊ, एक खरखरीत. पण गळा एकच, यात शंका नव्हती.

मूळ जपानी सिनेमात दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, तिथे आई मामाच्या गावाला जात नाही. ती बद्रच्या समोर, अंथरुणात मरते. अरबी आवाज भरताना तो प्रसंग कापला गेला. दुसरी, तिथे लांडगी नाहीच. म्हातारा लांडगा आहे, पुरुषाच्या आवाजाचा. दुसरा कुठला तर्क असता तर इथेच कोसळला असता. किनानने त्यातूनही वाट काढली होती.

"दमास्कसच्या लोकांना कळलं होतं," तो म्हणायचा. "आईचं मरण कापावं लागलं, म्हणून त्यांनी लांडग्याची लांडगी केली आणि तिला आईचा आवाज दिला. पुढच्या दाराने काढलेलं मागच्या दाराने परत आणलं."

"किंवा त्यांच्याकडे माणसं कमी होती."

"हे तू कसं तपासणार?"

"विचारून."

आणि त्या हिवाळ्यात विचारणं खरोखरच शक्य झालं. सिनेमाच्या शेवटी आवाजवाल्यांची नावं नाहीत, नुसतं स्टुडिओचं नाव आहे. पण बद्रच्या आईचा आवाज माझी खाला इब्तिहाल हिचा, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईची ही थोरली बहीण इतकी वर्षं दमास्कस सोडायला तयार नव्हती. गुडघे बोलायला लागले तेव्हा एकदाची अम्मानला आमच्याकडे राहायला आली.

मी किनानला हे सांगितलं तेव्हा आम्ही कॅफेतून खाली बाजारात जाणाऱ्या पायऱ्या उतरत होतो. तो मधेच थांबला. मागून येणारी एक बाई पिशव्या सांभाळत त्याला चार शब्द ऐकवून पुढे गेली.

"मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "होम्स शहरात राहायचो. आई किडनीच्या आजाराने दवाखान्यात होती आणि एक दिवस आलीच नाही. आजी म्हणाली, आई प्रवासाला गेलीय. मावश्याही तेच. शेजारीपाजारीही तेच. लहान पोरांना दुसरं काय सांगतात? त्याच आठवड्यात टीव्हीवर हा सिनेमा लागला. त्याचीही आई गावाला गेलेली. आणि मग लांडगी आली आणि आईच्या आवाजात बोलली. मला वाटलं, अच्छा, आया अशा परत येतात तर."

मी त्याला पायरीच्या कडेला ओढून घेतलं.

"वेडा नाहीये मी. मेली ते कळतं मला. पण सगळी मोठी माणसं माझ्याशी खोटं बोलत होती, तेव्हा कुठेतरी कुणीतरी एका मोठ्या माणसाने मला खूण करून ठेवली होती, की हे बघ, असं असं आहे. एवढं तरी खरं निघू दे." मग तो हसला. "खालाला यातलं काही सांगू नकोस हं. दया येऊन 'हो' म्हणेल आणि त्या 'हो'ला काही अर्थ उरणार नाही. तुमच्या विज्ञानात त्याला काय म्हणतात, आंधळी चाचणी?"

चाचणी म्हणून त्याचं म्हणणं चोख होतं. मी मान्य केलं.

शुक्रवारी खाला केस रंगवून, मोरपंखी रुमाल गळ्यात घालून आली. सोबत मामूलचा, खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा. जिना चढून धापा टाकत ती खुर्चीत बसली आणि मग बद्रच्या आईच्या आवाजात म्हणाली, "मुलांनो, पाय पुसून आलात ना?" त्या खोलीत तिशीच्या आसपासची माणसं होती, आणि मुहन्नदने खरंच आपल्या बुटांकडे पाहिलं.

पहिला अर्धा तास फार छान गेला. रहफने दातांचं विचारलं. खाला म्हणाली, "दात? बाई गं, बद्रचा आवाज देणारी आमची सनिय्या तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तो रानात धापा टाकतो ना, ती खरी धाप आहे." मुहन्नदने पाइपलाइनीचं विचारलं. ती म्हणाली, "लग्न झालंय का तुझं? नाही ना. वाटलंच."

मग किनान पुढे सरकून बसला. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"खाला, लांडगीचा आवाजही तुमचाच ना?"

"माझाच की."

"मूळ सिनेमात तो लांडगा आहे. तुम्ही लोकांनी लांडगी का केली?"

खालाला हसू आलं. हा किस्सा तिने पूर्वी अनेकदा सांगितला असणार, कारण ती तो रंगवायला सावरून बसली. "अरे, रमजान जवळ आला होता. रमजानच्या मालिकांचं शूटिंग म्हणजे तुला माहितीये, दमास्कसमधला प्रत्येक पुरुष नट कुठल्यातरी मालिकेत दाढी लावून उभा. लांडग्याचं काम करणारा अबू वदीअ सकाळी फोन करून म्हणतो, मला सुलतानाचा वजीर केलाय, मी येत नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. स्टुडिओत आम्ही बायका चौघी. सनिय्या बद्र झालेली, दुसरीचा घसा बसलेला, तिसरी लांडग्याचं काम म्हटल्यावर रुसली. मग मला म्हणाला, इब्तिहाल, तू सकाळी लवकर उठतेस, तुझा आवाज तसाही खरखरीत असतो, तू कर. जेवणाच्या सुट्टीत संवाद बदलले. मी त्या सिनेमात आई आहे, लांडगी आहे, म्हातारी शेजारीण आहे आणि एक शेळीपण आहे."

सगळे हसले. मुहन्नदला ठसका लागला. "शेळीवर कुणी तर्क केला नाही अजून," रहफ म्हणाली.

"म्हणजे आई आणि लांडगी," किनान म्हणाला, "यांचा काही संबंध, असं कुणाच्या डोक्यात…"

"डोक्यात? हबीबी, आमच्या डोक्यात तेव्हा दुपारचं जेवण सोडून काही नव्हतं."

किनानही हसला. त्याने तिचा ग्लास पुन्हा भरला, मामूल उत्तम झालेत म्हणाला, आणि शेवटी जिन्यावरून तिला हाताला धरून खाली आणून टॅक्सीत बसवलं. टॅक्सीत खाला मला म्हणाली, "किती गुणी मुलं आहेत. उगाच घाबरत होते मी."

पुढच्या शुक्रवारी किनान आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. या सिनेमावर तो इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा; लांडगीवरचा त्याचा मोठा व्हिडिओ, ज्याची हजारो लोक वाट पाहत होते, तो आलाच नाही. मी फोन केला की तो उचलायचा, काम आहे म्हणायचा, आणि खरंच त्याच्या मागे कीबोर्डचा आवाज यायचा.

खाला जाहिरातींना आवाज देण्याचं थोडंफार काम करायची. एका संध्याकाळी खोकल्याच्या औषधाचं वाक्य घोकता घोकता तिने विचारलं, "तो चहा भरणारा मुलगा कसा आहे?" आणि चाचणी तर संपलेलीच होती, म्हणून मी सगळं सांगितलं. होम्स, आजी, प्रवास, टीव्ही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गाढवे, हे आधी सांगायचं असतं."

"आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"खोटं. नीट, सुंदर खोटं. जन्मभर तेच तर केलंय." तिने खोकल्याचा कागद उलटा करून ठेवला. "माणसाचा चेहरा समोर होता माझ्या. त्याने ग्लास खाली ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी किश्शाच्या नादात. शेळी काय, वजीर काय."

थोड्या वेळाने, मी उठून जाणार तेवढ्यात, ती म्हणाली, "आणि ते मामाचं गाव. ते माझं वाक्य आहे, लमीस. प्रसंग कापायचा ठरला, पण आई गेली कुठे हे सांगायला हवं होतं. कुणाला काही सुचेना. मी म्हणाले, मामाच्या गावाला गेली म्हणा, घरोघरी हेच सांगतात. सगळे म्हणाले, वा. मुलं जेवताना बघतात, घास अडकायला नको." तिने गुडघा चोळला. "त्याला बोलाव. मुलूखियाची पालेभाजी करते."

किनान आला. मुलूखियावर लिंबू पिळत त्याने मुहन्नदची चौकशी केली. खालाने सरळ विषय काढला.

"माझ्यावर रागावलास?"

"नाही खाला. तुम्ही खरं सांगितलंत. मीच मागितलं होतं."

"मग येत का नाहीस?"

त्याने भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "घरी आजी, शाळेत बाई, टीव्हीवर तुम्ही. सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं, एकमेकांना न विचारता. मला वाटायचं, त्यातलं निदान एक माणूस डोळा मारत होतं. तसं काही नव्हतं. आणि मी किती दिवस दारात बसायचो माहितीये? आजी ओढून आत न्यायची."

खाला म्हणाली नाही की आम्ही तुमच्या भल्यासाठीच केलं. मला भीती होती ती म्हणेल. ती म्हणाली, "हो. आम्ही सगळ्यांनी मिळून."

जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. जपानी आवृत्तीतला तो कापलेला प्रसंग त्याने काढून आणला होता. आई अंथरुणात, खिडकीबाहेर राख पडतेय, बद्र उशाशी. "हे तुमच्या आवाजात कधीच झालं नाही," तो म्हणाला. "कराल?"

खालाने भाषांतर स्वतःच जुळवलं, पाठकोऱ्या कागदावर. पहिल्या खेपेला वाक्य लांबलं. चित्रातल्या आईचे ओठ मिटले तरी खाला बोलतच होती. "थांब, दोन शब्द जास्त झाले," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला घाई झाली. तिसऱ्या खेपेला तिने डोळे पडद्यावरून हलवले नाहीत.

"बद्र, मी आता उठणार नाही. हे ऐकून घे, मग रड. उद्या सकाळी तू ऊठ, शेळीला पाणी दे. मी कुठे गेले असं कुणी विचारलं तर सांग, मेली."

ओठ आणि शब्द एकत्रच थांबले. आवाज तो नव्हता. बावीस वर्षांनी गळा जाडावतो, खालचे सूर वाढतात. आलेखावर ते एकाच बाईचे आवाज म्हणून सिद्ध करायला मला कष्ट पडले असते. किनानने हनुवटी मुठीवर टेकवली होती. डोळे कोरडे होते.

पडद्यावर बद्र उठला, रानाकडे निघाला. राखेतून दोन कान वर आले. खालाने सवयीने पाठ ताठ केली आणि लांडगीसाठी श्वास भरून घेतला.

किनानने बटण दाबून चित्र थांबवलं.

"लांडगीचं नको?" खाला म्हणाली. "तो आवाज मला अजून येतो."

"येत असेल, खाला," तो म्हणाला. "पण मग मला पुन्हा ती आईच वाटेल."

त्याने लॅपटॉप मिटला. खाला थोडा वेळ तशीच बसून राहिली, छाती भरलेली. मग तिने तो श्वास सावकाश सोडून दिला.