उतारावरचं कुसळी गवत

मामाला काही विचारलं, की हो आणि नाही यांच्या मधल्या 'बहुधा'च्या बोळातच त्याचा मुक्काम, असं घरात सगळे म्हणत. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. प्रत्येक ओळ दोनदा वाचायची खोड अंगात मुरलेली. त्यामुळे ताईनं त्याला घाईनं बोलावून घरामागच्या उतारावर नेलं आणि "हे यांनीच पेरलेलं का, एवढं सांग," म्हणाली, तेव्हा त्यानं आधी खिशातलं भिंग चाचपलं.

ताईच्या यजमानांनी वारण्याआधी या उजाड उतारावर कुसळी गवताचं बी टाकलं होतं, माळावरून हातानं वेचून आणलेलं. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं त्याच बुडातून फुटतं, माती धरून ठेवतं, असं ते भेटेल त्याला सांगत. लोक हसायचे. पहिल्या वर्षी उगवलं ते तुरे यायच्या आत गुरांनी खाल्लं, आणि पाठोपाठ तेही गेले. आता उतारभर वाळकं, पिवळं गवत उभं होतं.

ताईच्या मुलाचं गॅरेज शेजारीच. त्याला गाड्या लावायला जागा हवी होती आणि जमीन सपाट करणारं यंत्र दुपारी यायचं होतं. हे रस्त्याकडेचं तण आहे, बाबांचं बी मुंग्यांनी कधीच नेलं, असं त्याचं म्हणणं. पण पोरगा आडमुठा नव्हता. बाबांचं निघालं तर काडीलाही हात लावणार नाही, असं त्यानं आईला कबूल केलं होतं.

मामाची अडचण निराळीच. ते गवत दाजींचंच असावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि नेमका म्हणूनच स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. जे असावंसं वाटतं तेच डोळे वाचतात, हे तो छापखान्यात शिकला होता. म्हणून त्यानं आधी विरुद्ध पुरावा शोधायला घेतला. दिसायला असंच, पण एका वर्षात मरणारं एक तण असतं. त्याच्या प्रत्येक दाण्याला तीन कुसळं, कुसळी गवताच्या दाण्याला एकच. मामानं भिंग काढलं.

"लोकांच्या डोळ्यातली कुसळं बघायचं भिंग का हे, मामा?" भाचा म्हणाला.

दाण्याला एकच कुसळ होतं, लांब, काळपट, पिळाचं. वरचा दाणा घेतला, खालचा घेतला, कुंपणाजवळचा घेतला, एकच. मग खुरप्यानं एक ठोंब उकरला. बुडाशी चपटे, पंख्यासारखे धुमारे, आणि त्यांच्यातच मागच्या वर्षीचे गुरांनी कुरतडलेले खुंट. नखानं खरवडल्यावर आत ओलसर पांढरं निघालं. वरून मेलेलं गवत खाली जिवंत होतं.

एवढं होऊनही मामाच्या तोंडून होकार निघेना. त्यानं एक दाणा भाच्याच्या तळव्यावर ठेवला आणि वर पाण्याचा थेंब सोडायला सांगितलं. कुसळाचा पीळ हलला. सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा तो फिरू लागला. असंच ते स्वतःला मातीत रोवून घेतं, मामा म्हणाला.

भाचा दाणा मुठीत धरून उठला. मग उतार चढून वर गेला आणि तिथूनच म्हणाला, "आई, ठोंब ओळीत आहेत. आडव्या, वाकड्या ओळीत."

ताई खाली बसली. उतरताना यजमानांचा गुडघा दुखायचा म्हणून ते उतारावर नेहमी आडवेच चालायचे.

"हे कुसळी गवत आहे," मामा म्हणाला. "आणि दाजींचंच आहे."

"या वेळी 'बहुधा' म्हणाला नाहीस रे," ताई डोळे पुसत हसली.

भाच्यानं यंत्रवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. ताईनं भावाचे आभारबिभार काही मानले नाहीत; त्याच्या विजारीत रुतलेली कुसळं ती एकेक काढत बसली. मामाला वाटलं, आभार आपणच मानायचे. आजवर आपल्या एका होकारासाठी कुणी इतकं थांबलं नव्हतं. ताईची ओंजळ भरली तशी भाच्यानं ती दाण्यांसकट कुसळं आपल्या हातात घेतली आणि गॅरेजकडच्या उघड्या मातीवर टाकायला निघाला, आडवा चालत.