खुलताबादच्या आवडाबाई

खुलताबादच्या आवडाबाईंचा जन्म एका रविवारी सकाळी साडेअकराला, गारखेड्यातल्या एका फ्लॅटमध्ये, पोह्यांच्या बशीवर झाला. जन्मल्या तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं आणि त्या विधवा होत्या. बाळंतपण मी केलं.

मी बद्रीनाथ. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या हातच्या कामातले दोष शोधून त्यावर लाल स्टिकर लावायचा मला पगार मिळतो. त्या रविवारी मी, आई आणि बाबा उमाला बघायला गेलो होतो. उमाच्या घरचा सोफा इतका भारी होता की आम्ही तिघंही त्याच्या काठाकाठानं बसलो होतो, विहिरीवर बसल्यासारखे.

माझी आई पिशव्या शिवते. विकत नाही, वाटते. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत तिची पिशवी नाही असं घर नाही. भाजीची, डब्याची, चार्जरची, देव्हाऱ्यातल्या घंटीचीसुद्धा एक आहे. घंटीला कुठं जायचं असतं ते आईलाच माहीत. जानेवारीत शाळांची गॅदरिंगं आली की तिच्याकडं मुकुट, पंख, गदा, दाढ्या यांची रांग लागते. एकदा एकाच दिवसात तिनं दोन झाशीच्या राण्यांचे शेले आणि एक पालकाची जुडी शिवली होती. पालकाचा पहिला नंबर आला.

तिची एक पद्धत आहे. आमच्या घरात कपडा जुना झाला की आधी त्याचा खिसा कापून घेतात, मग त्याचं पुसणं होतं. ‘खिसा शिवायला लई मरमर होते,’ आई म्हणते. ‘तयार असताना कशाला नवा शिवायचा?’ त्यामुळं तिच्या प्रत्येक पिशवीच्या आत कुणाचा तरी खिसा असतो. शेजारच्या सारजाबाईंच्या भाजीच्या पिशवीत आमच्या बाबांच्या लग्नातल्या पँटचा मागचा खिसा आहे. त्यात त्या मिरच्या ठेवतात.

तर त्या रविवारी आईनं उमाच्या हातात एक हिरवी पिशवी दिली. उमाच्या आईनं ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली.

“हाताची दिसतेय,” त्या म्हणाल्या.

त्या कौतुक करत होत्या हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त सोफा दिसत होता. आईचं तोंड उघडलं होतं, ‘मी’ हे अक्षर ओठावर आलं होतं, आणि मी मध्येच म्हणालो, “खुलताबादला एक बाई आहेत, आवडाबाई. विधवा आहेत, लई गरजू. आई त्यांच्याकडून घेते. तेवढाच आधार.”

आईचं तोंड थोडा वेळ तसंच उघडं राहिलं. मग तिनं त्यात पोह्यांचा चमचा घातला, सावकाश चावले, गिळले.

“व्हय,” ती म्हणाली. “लई गरीब आहे बिचारी.”

परत येताना रिक्षा गजानन महाराज मंदिरापाशी आली. मग आई म्हणाली, “विधवा कशाला केली रे?”

“सुचलं नाही दुसरं.”

“मी कशानं गेलो ते तरी ठरवून ठेव,” बाबा म्हणाले. “उद्या कुणी विचारलं तर तिघांचं एक असावं.”

“हृदयविकार.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि खिशातून तंबाखूची पुडी काढायला गेले, पण ती तशीच ठेवून दिली.

मी हसलो. आई हसली नाही. तिच्या मांडीवर दुसरी एक पिशवी होती, ती तिनं घडी घालून घालून एवढीशी केली.

आठ दिवसांनी उमाकडून होकार आला. त्यासोबत आवडाबाईंना ऑर्डरही आली. उमाच्या भाच्याला शाळेत मारुती व्हायचं होतं. त्याला मुकुट आणि शेपूट हवं होतं. शिवाय साखरपुड्यात बायकांना द्यायला साठ पिशव्या. “तेवढंच त्या बाईला काम,” उमाच्या आई फोनवर म्हणाल्या. मी त्यांना काकू म्हणायला लागलो होतो.

आईनं शेपूट शिवलं. आत बाबांचा जुना स्वेटर भरला. मी ते काकूंकडं नेऊन दिलं आणि आवडाबाईंनी आशीर्वाद सांगितलेत असंही म्हणालो. गरज नव्हती, पण तोंडाला सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आईचा मोबाइल स्पीकरवरच असतो, तिला दुसऱ्या प्रकारे बोलता येत नाही.

“ताई, शेपूट झुकतंय हो. मारुतीचं असं कसं चालेल? त्या बाईला जरा ताकीद द्या. गरीब असली म्हणून काय झालं, काम नीट नको का?”

“सांगते तिला,” आई म्हणाली.

“रागावू नका हं तिच्यावर.”

“नाय, रागवत नाय.”

फोन ठेवून आई मशीनकडं वळली. “ऐकलं का गं आवडाबाई?” ती म्हणाली, आणि शेपटाची शिवण उसवायला घेतली. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता जाऊन काहीतरी बोलावं. मी आत गेलो आणि विचारलं, “तार आणून देऊ का शेपटाला?” साखरपुड्यापर्यंतच्या सहा महिन्यांत मी तिला शिवणकामात केलेली तेवढी एक मदत.

दिवाळीला काकूंनी फराळाचे दोन डबे पाठवले. एक आमचा, एक आवडाबाईंचा. सोबत त्यांच्यासाठी एक वापरलेली साडी, इस्त्री करून. आईनं आमच्या डब्यातल्या चकल्या आम्हाला वाढल्या. दुसरा डबा उघडू देईना.

“अगं, खराब होईल,” मी म्हणालो.

“तिचा आहे.”

“ती नाहीये, आई.”

“मला सांगतो?” आई म्हणाली. तिनं तो डबा खाली झाडू मारणाऱ्या बाईला दिला आणि साडी मात्र मशीनच्या झाकणावर ठेवली. तिथंच राहिली ती. रोज सकाळी आई ती उचलायची, शिवायला बसायची, आणि उठताना परत ठेवायची.

साखरपुडा तीन आठवड्यांवर आला. तेव्हा उमाचा फोन आला. “आईबाबा रविवारी भद्रा मारुतीला चाललेत. म्हणतायत, खुलताबादला जातोच आहोत तर आवडाबाईंना भेटून येऊ. पत्ता पाठवता?”

मी म्हणालो पाठवतो. मग गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बराच वेळ उभा राहिलो. मला एकच उपाय सुचला. तो मी खाली येऊन घरात मांडला.

“मारायची?” आई म्हणाली.

“दुसरा मार्गच नाही.”

“सुतक कुणाला?” बाबांनी विचारलं. “मी तर आधीच गेलोय.”

आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. “बद्री, मी शिवायला बसले की तुला लाज वाटते, हे मला तुझ्या आठवीपासून ठाऊक आहे. तुझे दोस्त आले की तू मशीनवर चादर टाकायचा. मी काय म्हणले का कधी? पण मारावी लागंल एवढी लाज असंल, हे नव्हतं ठाऊक.”

“आई, तू नाही गं. आवडाबाई.”

“व्हय,” आई म्हणाली. “तीच.”

इथं मी थांबायला हवं होतं. कुठल्याही मालावर मी यापेक्षा लहान दोषाला लाल स्टिकर लावलेलं आहे. पण मी उमाला फोन केला आणि सांगितलं, आवडाबाई गेल्या.

“कधी?”

“आज सकाळी.”

“कशानं?”

“हृदयविकार.”

“त्यांचे मिस्टरही त्यानंच गेले म्हणाला होतात ना?”

“हो. त्यांच्या घरात आहे ते.”

उमा म्हणाली, “नवऱ्याचं बायकोला लागलं म्हणजे लई जवळचं नातं असणार,” आणि फोन ठेवला.

दुपारी चार वाजता खाली स्कूटी थांबली. उमा आणि काकू. काकूंच्या हातात डबा होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरेधायरे पिठलं-भाकरी करून नेतात, तसा डबा; आवडाबाईंना दुसरं कुणी नाही म्हणून मयताचं घर आमचंच धरलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी होत होती. बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले; त्यांनी काय चेहरा करावा याचा अंदाज घेतला आणि कुठलाच न करता बाजूला झाले.

आई मशीनवर होती. मी तिला उठ म्हणून खुणावलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पायडल मारलं. साठातली एकोणचाळिसावी पिशवी होती, मला वाटतं.

“ताई,” काकू दारातच थांबल्या. “तुम्हालाही शिवता येतं?”

आई माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. वाट बघणं होतं. आता बोल, असं. मी बोललो.

“आवडाबाईंनी जाताना मशीन आईला दिली,” मी म्हणालो. “शेवटची इच्छा.”

“सकाळी वारल्या आणि दुपारी मशीन आली? खुलताबादहून?”

“टेम्पो रिकामाच येत होता.”

बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. आईनं मान खाली घातली, सुईत दोरा होताच तरी परत ओवायला लागली.

उमानं खांद्यावरची पिशवी काढली. तीच, हिरवी. ती पहिल्या दिवसापासून वापरत होती हे मला दिसत होतं. पण मी कधी ती आतून पाहिली नव्हती. क्वालिटीत असूनसुद्धा. तिनं पिशवी उलटी केली आणि आतला खिसा माझ्यासमोर धरला. पांढऱ्या शर्टाचा खिसा, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग. वरच्या पट्टीवर लाल दोऱ्यानं काहीतरी भरलेलं होतं. पाचवीत वर्षभर मला वसतिगृहात ठेवलं तेव्हा शर्ट हरवू नयेत म्हणून आईनं भरलं होतं.

“वाचा,” उमा म्हणाली.

“बद्री. पाचवी ब.”

“मोठ्यानं.”

“बद्री, पाचवी ब.”

“पहिल्या रात्री मोबाइल ठेवायला गेले तेव्हा दिसलं. म्हटलं, खुलताबादच्या बाईकडं यांचा शर्ट कसा? मग कळलं. आईला नाही सांगितलं. म्हटलं, हे स्वतः सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील.” तिचा आवाज शांत होता, तेच वाईट होतं. “तुम्ही तर बाईच मारून टाकली.”

मला आणखी एक खोटं सुचलं होतं, तेही चांगलं होतं. मी ते गिळलं.

“आईनं शिवलीय,” मी म्हणालो. “ही पण. शेपूट पण. सगळं आईच शिवते.”

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी एक बाई जन्माला घातली, माझा बाप मारला, टेम्पो आणला. बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं ऐकून होतो. नाही वाटलं. मी पायाच्या बोटांकडं बघत राहिलो.

काकू खाली बसल्या, डबा मांडीवर घेऊन. “म्हणजे ती साडी,” त्या म्हणाल्या. “आणि शेपटाचं मी तुम्हालाच... ताई, मी ताकीद द्या म्हणाले हो.”

“शेपूट झुकतच होतं,” आई म्हणाली. “ते खरं होतं.”

तिनं मशीनच्या झाकणावरची साडी घेतली, झटकली, नवी पिशवी काढून तीत घातली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पदराआड घेतली. कोण कुणापुढं जास्त खाली बघतंय याची काकूंची आणि माझी बराच वेळ चढाओढ चालली. मग आईनं ताटं घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी आवडाबाईंचं पिठलं खाल्लं. मीठ कमी होतं. कुणी बोललं नाही.

आई त्या दिवशी माझ्याशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, विसरली.

साखरपुड्याला हॉलमध्ये बायकांना साठ पिशव्या वाटल्या. रांगेत पहिल्याच, कन्नडहून आलेल्या मनकर्णामावशींनी पिशवी उघडून आतला खिसा चाचपला आणि आईला विचारलं, “कुणी शिवल्यात गं? लई गोड शिवण आहे.”

आई खुर्चीत टेकून बसली. “खुलताबादला एक बाई होती,” ती म्हणाली, आणि थांबली. मग तिनं मान वळवून स्टेजवर माझ्याकडं बघितलं. शेजारी उमाही बघत होती. गळ्यातला हार सावरत मी उभा राहिलो.

“मावशी, आईनं शिवल्यात,” मी म्हणालो.

मनकर्णामावशी पुढं गेल्या. त्यांच्या मागं वच्छलाबाई होत्या. त्यांनीही पिशवी उघडली, त्यांनीही विचारलं. आई परत खुर्चीत टेकून बसली.

“खुलताबादला एक बाई होती,” ती म्हणाली.

मी अजून बसलो नव्हतो.