आडवं बोअर

पाच परस.

म्हणजे हात वर केलेली पाच माणसं, एकाच्या डोक्यावर एक. कळवणजवळच्या मळ्यात वडिलांनी खणलेली विहीर एवढीच खोल. वाटणीत ती थोरल्या बहिरूला आली. एक्याण्णव साली धाकट्या चंदरनं बांधापलीकडं स्वतःची खणली, आणि

आठ परस.

बहिरूचं पाणी खाली गेलं. त्यानं अजून खणलं. मग चंदरनं. विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारी यारी या बांधावरून त्या बांधावर फिरत राहिली, भाऊ बोलायचे थांबले. पाऊसही बदलला होता. पूर्वी आठवडाभर झिमझिम चाले, जमीन सावकाश पीत राही. आता एका दुपारी सगळा कोसळे, नाला लाल होऊन गिरणेकडं पळे, पुढं महिनाभर ऊन. जमिनीत उतरायला त्याला उसंतच नव्हती.

बारा परस.

दोन हजार तीनचा मे. बहिरू आणि त्याची बायको रंगूबाई यांची डाळिंबाची बाग, पानं गुंडाळून उभी. रंगूबाई भांड्यांचं, अंघोळीचं पाणी बुंध्यांना घालत होती. झाडांचे ओठसुद्धा ओले होत नव्हते. पावसापर्यंत बाग जगली तर दोघं इथं राहणार होते. गेली तर नाशिकला, इंदिरानगरात, मुलाच्या दोन खोल्यांत. सुनेनं आत्ताच विचारून ठेवलं होतं, किती दिवसांसाठी.

आणि बांधापलीकडं चंदरची मोटर चालू. वीज आली की चालू. हौदात पाण्याची जाड धार.

"झरा आपलाच हाय," रंगूबाई म्हणाली. "तिकडं वळलाय."

बहिरूनं मशीन बोलावलं.

आडवं.

मशीन यारीनं तळाशी सोडलं, मागोमाग बहिरूही उतरला. विहिरीच्या भिंतीत लांबवर आडवं भोक पाडायचं, झरा तोडून आणायचा. कुठल्या अंगाला, मशीनवाल्यानं विचारलं. बहिरूनं तोंडानं सांगितलं नाही. चंदरच्या विहिरीकडं बोट केलं.

दगड

दगड

मुरूम

दगड

दग

आणि रॉड एकदम मोकळा पुढं सरकला. रॉड मागं ओढले. पाणी आलं नाही. वारा आला. मग

"दादा."

चंदर होता. भिंतीतली घरघर ऐकून आपल्या विहिरीत उतरलेला.

"पाणी कुठं हाय?" बहिरूनं भोकाला तोंड लावून विचारलं.

"नाय."

"मोटर चालती ना तुझी."

"टँकर."

मग भोकातून तुकडे येत राहिले. टँकर पहाटे विहिरीत ओततो. दिवसा चंदर तेच पाणी हौदात काढतो, अंधार पडला की हौदातून परत विहिरीत. त्याच्या दीपमालाला स्थळ आलं होतं. पाहुणे पोरीच्या आधी विहीर बघतात.

"रविवारी येत्यात, दादा. वर काय बोलू नको."

वर.

यारीनं बहिरूला काढलं. काठावर शेजारचा खंडेराव. त्याचीही विहीर आटलेली. लागलं का, त्यानं विचारलं. रंगूबाईनं विचारलं नाही. ती बहिरूच्या कपड्यांकडं बघत होती. अंगभर दगडाची कोरडी पांढरी भुकटी.

"लागलं," बहिरू म्हणाला. "बऱ्यापैकी."

खंडेराव तोवर मशीनवाल्याकडं वळला होता. मशीनवाला खालचं काही बोलला नाही. उद्याचं काम त्याला मिळालं होतं.

रविवार.

दीपमालाचं जमलं. पाहुण्यांनी हौदात हात बुडवून पाहिले म्हणे. इकडं खंडेरावच्या विहिरीतून घरघर येत होती, बहिरूच्या दिशेनं. त्याच्या पलीकडच्या मळ्यातही मशीन ठरलं होतं.

"खंडेरावला तरी सांगा," रंगूबाई म्हणाली.

"लग्न होऊ दे."

"तोवर तो सगळं विकून भोकं पाडंल."



तिनं एक फांदी वाकवली. कट्कन मोडली, आत हिरवं काहीच नव्हतं. पुढची मोडली. तीही तशीच. बाग तोडून जळण रचावं, बोचकं बांधावं, मुलाला फोन करावा, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच कळलं की तेही आता करता येणार नाही. पाणी लागलेल्या विहिरीची बाग कुणी तोडत नसतं.

रस्त्यावरून दोघं-तिघं चालले होते. तिच्याकडं बघत होते.

रंगूबाईनं कुदळ घेतली आणि मेलेल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीची आळी सारखी करू लागली, मागून पाणी येत असल्यासारखी, पहिल्या ओळीपासून