चौदा टनांचा हूक

सकाळपासून चौथ्यांदा तीच पाटी पडद्यावर आली : लायसन्स उपलब्ध नाही.

परंड्याच्या आमच्या वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्यांचे हूक बनतात. ते किती ओझं पेलतील हे संगणकावर सॉफ्टवेअरमध्ये तपासणं माझं काम. काल पडद्यावर हूक मानेशी तुटत होता. पट्टी जोडली तर टिकेल का, एवढंच आज बघायचं होतं. माझा होकार येईपर्यंत तयार चाळीस हूक टेम्पोत भरायचे नाहीत, असं ठरलं होतं.

हेल्पलाइनवाला म्हणाला, "संगणक बंद करून चालू करा." तीनदा केलाय म्हटलं, तर म्हणतो, "आणखी एकदा करा." माझं डोकंच फिरलं.

शेवटी लायसन्स कुणाकडे अडकलंय त्याची यादी मीच उघडली. आमच्याकडे सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच, एका वेळी एकालाच चालणारं, आणि ते होतं मालकांच्या मुलाकडे, कृष्णराजकडे. तुळजापूरला घरी बसून त्यानं माझीच फाइल उघडून ठेवली होती. फाइल मला उघडेना, शेजारचा रिपोर्ट मात्र उघडला. वजनकाट्याच्या पावत्या बघून मी ओझं चौदा टन धरलं होतं. तिथं आता आठ होतं. हूक पास. आणि खाली, तपासणी : निकिता घोडके. माझं नाव! त्याला कुणी दिला हा अधिकार?

मी फोन लावला. "सर, आठ टन कुणी घातलं?"

"कागदावर ट्रॉली आठ टनांचीच आहे, निकिता."

"आणि रस्त्यावर? एक तरी ट्रॉली आठ टनांवर थांबते का?"

"लोक जास्त भरतात, त्याला आपण काय करायचं?"

"मग माझं नाव काढा. तुमचं घाला."

"इंजिनिअर तू आहेस," तो शांतपणे म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या शांतपणाचाच जास्त संताप आला. उतारावर हूक तुटला तर ट्रॉली याच्या बंगल्यावर थोडीच जाणार होती! यादीतून त्याचं नाव उडवलं, लायसन्स ओढून घेतलं आणि चौदा टनांवर पट्टीसकट हूक तपासला. मानेशी रंग लाल, म्हणजे तुटणारच. पट्टीनंही भागत नव्हतं.

मी बाहेर धावले. फोरमन कोंडीराममामा भरलेल्या टेम्पोला दोर बांधत होते.

"मामा, मला विचारल्याशिवाय भरायचं नाही असं ठरलं होतं ना?" मी ओरडलेच.

मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुमचा व्हकार हाय की, म्याडम. सायबांनी सकाळीच मोबाइलवर धाडला, म्या प्रिंट काढून आणली."

"आणि तुम्ही लगेच भरले?"

"नुसतं सायब म्हणले असते तर भरलेच नसते. खाली तुमचं नाव बघितलं, मग म्हणलं आता काय भ्या न्हाय." ते हसले. "पहिला हूक तर आमच्या बिरूच्या ट्रॅक्टरला बसवून दिला. मघाशीच ऊस आणायला गेलाय पोरगं."

"फोन लावा त्याला," मी म्हणाले. "मामा, आधी फोन लावा."