अवेळी वाजलेला टोल

मी एक जुना टोल आहे, मित्रांनो. काशाची जाड, गोल तबकडी, वरच्या कडेला एक भोक आणि सोबतीला लाकडी हातोडी, एवढाच माझा संसार. १९६८ साली उल्हासनगरातल्या एका लहान ओतशाळेत माझा जन्म झाला. मातीच्या साच्यातून मला बाहेर काढल्यावर शेठनी दोरीला टांगून एक ठोका दिला, कान लावून ऐकलं आणि कारागिराला सांगितलं, "फिरसे घिसो. आवाज गोल पाहिजे, फटा हुआ नहीं चलेगा." दोन दिवस माझ्या अंगावर कानस फिरत होती. तिसऱ्या दिवशी शेठ काही बोलले नाहीत, म्हणजे मी पास झालो.

तिथून अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फाटकाशी अठरा वर्षं काढली. माझ्या ठोक्यावर पाळी सुरू व्हायची, माझ्या ठोक्यावर सुटायची. मग विजेचा भोंगा आला आणि मी भंगाराच्या खोलीत गेलो. वर्षभराने कामगारांच्या वेळा नोंदवणारे टाइमकीपर हरिचंद्र यांनी साहेबांकडून गेटपास घेतला आणि मला पोत्यात घालून बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घरी नेलं. पडवीच्या आढ्याला मला टांगलं. समोर भाताची खाचरं होती.

ते साल १९८७. हरिचंद्रांची मुलगी मालिनी पाचवीत होती. तिला सांधेताप झाला आणि त्याने हृदयही थोडं दुखावलं. डॉक्टरांनी वर्षभर चालणं, जिने, धावपळ सगळं बंद केलं. तिचा भाऊ आनंदा तिसरीत. शाळा रुळांपलीकडे. रोज ताईच त्याला हाताला धरून नेत असे. आता तिला एकटं सोडून त्याला पोहोचवायला आईला, म्हणजे सुहासिनीबाईंना, जाता येईना. म्हणून दोघंही घरी राहिली. मुख्याध्यापकांनी एवढीच सवलत दिली, की एप्रिलमध्ये परीक्षा द्या. पास झालात तर वरच्या वर्गात, नाहीतर वर्ष गेलं.

शिकवायचं सुहासिनीबाईंनी, वेळ ठरवायची हरिचंद्रांनी. इथेच त्यांची चूक झाली. माणूस जे आयुष्यभर करतो, तेच त्याला सगळीकडे दिसतं. त्यांनी घराचा कारखाना केला. सातला एक ठोका, गणित. पावणेआठला दोन ठोके, मराठी. भिंतीवर वेळापत्रक, खाली हजेरीचं मस्टर. पोरं पाच मिनिटं उशिरा बसली तर लाल शाईने लेट मार्क. हरिचंद्र कामावर गेले, की ठोके सुहासिनीबाईंनी मारायचे.

शेजारच्या वेणूबाई कुडाच्या कुंपणावरून विचारायच्या, "काय गं सुहासिनी, आज किती पाळ्या चालवल्यास? बोनस तरी देतो का नवरा?"

"बोनस कसला मावशी, पोरंच संपावर जायला टेकलीत," सुहासिनीबाई म्हणत.

खरंच टेकली होती. मुलं माझ्याकडे कान लावून बसत. गणित कितीही अर्धं असो, ठोका पडला की मालिनी वही फाटकन मिटायची. कधी कधी उत्तर एका ओळीवर आलेलं असायचं. मला वाईट वाटे, पण वाजणं हेच माझं काम. दिवाळीत तर तिने सांगूनच टाकलं, "मला परीक्षा नको. शाळा पण नको. मी अशीच बसते." हरिचंद्रांनी त्यावर एक तास वाढवला. सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, हा कारखाना नाही." त्यांनी ऐकलं नाही.

मग जानेवारी आला. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी होती. एका दुपारी सुटलेली कोंबडी पकडायला आनंदा पार लांबच्या बांधावर गेला. तेवढ्यात सुहासिनीबाईंनी तीनचे ठोके मारले. तो कोंबडी काखेत मारून धावत आला.

"ताई, तिकडून ना गंमत होते. आई मारते तेव्हा आवाजच येत नाही. हातोडी वर गेली की मग येतो."

"उगाच फेकू नको."

"आईशप्पथ. तू जाऊन बघ ना."

"मला कुठे जाता येतंय?"

आनंदाने कोंबडी खाली सोडली. थोड्या वेळाने मालिनीच म्हणाली, "मग मी मारते. तू जा आणि बघ."

वेळापत्रकाप्रमाणे तो मराठीचा दुसरा तास होता. सुहासिनीबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि तांदळाचं सूप घेऊन आत निघून गेल्या. मित्रांनो, त्या वर्षात त्या घरात घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय तो होता.

मालिनी स्टुलावर बसून हळूहळू ठोके देऊ लागली. आनंदा एकेक बांध मागे सरकत होता. वेणूबाई बाहेर आल्या. "अगं, आग लागली की काय कुठे?" मालिनीने मान हलवली, पण हात थांबवला नाही.

चारच्या सुमारास हरिचंद्र पहिली पाळी करून आले. टोल अवेळी वाजतोय हे त्यांना गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होतं. पडवीत पाय ठेवताच ते कडाडले, "हा काय खेळ आहे? कुणाला विचारून मारतेस?"

मालिनी घाबरली, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "पप्पा, मला बरोब्बर एका सेकंदाला एक ठोका मारता येत नाही. मागेपुढे होतो. तुम्ही घड्याळ धरा ना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी हरिचंद्रांकडे मिनिटं मागितली होती, पाच मिनिटांची सूट मागितली होती. अचूक सेकंद कुणी मागितला नव्हता. खांद्यावरची पिशवीही न काढता त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं. "हं. आता. आता. आता."

आनंदा मागे मागे गेला. आधी आवाज उशिरा येत होता. मग हातोडी वर असताना आला. आणखी मागे गेल्यावर एका जागी आवाज आणि पुढचा ठोका एकदम आले, म्हणजे आवाजाला तिथवर पोचायला नेमका एक सेकंद लागत होता. तिथे त्याने काठी रोवली आणि बनियन काढून हवेत फिरवला.

रविवारी बापलेकांनी वीस मीटरची दोरी घेऊन अंतर मोजलं. सोळा दोऱ्या आणि वर अकरा पावलं. मालिनीने आनंदाला पडवीत दहा पावलं चालायला लावून त्याचं पाऊल अर्ध्या मीटरचं ठरवलं, मग गुणाकार, मग बेरीज. सव्वातीनशे मीटर आणि वर अर्धा. आवाज एका सेकंदात एवढं अंतर जातो, हे तिने स्वतः काढलं. दुसऱ्या दिवशी हरिचंद्रांनी कारखान्यातल्या इंजिनिअरना विचारलं. साधारण तीनशे चाळीस, असं ते म्हणाले.

"मग आपले साडेचौदा मीटर कुठे गेले?" मालिनीने विचारलं.

त्या संध्याकाळी ती वहीवरून उठेना. दोरी ताणली गेली असेल का? ठोका लवकर पडला असेल का? सुहासिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तास केव्हाच संपला. पोरगी हलत नाही. आता हिला कसला मार्क देता?"

हरिचंद्रांनी वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि मागची कोरी बाजू मालिनीपुढे ठेवली. हिशेबाला कागद पुरत नव्हता.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. तास सुरू करायला मला कुणी वाजवायचं नाही. ज्याला काही नवं सापडेल, त्याने येऊन एक ठोका द्यायचा. मग वेणूबाई कुडावरून विचारत, "आज काय सापडलं रे?" आणि पोरांना त्यांना समजेल असं सांगावं लागे. त्यांना समजलं नाही, तर ठोका रद्द. कधी दिवसात चार ठोके पडत. कधी आठवडाभर एकही नाही. तेव्हा हरिचंद्र माझ्याखाली येरझाऱ्या घालत, हातोडीकडे बघत आणि हात मागे बांधून आत जात. त्यांना ते जड गेलं. पण त्यांनी ते पाळलं.

एप्रिलमध्ये मुलांना रिक्षाने परीक्षेला नेलं. निकाल खोटा रंगवून सांगणार नाही. आनंदा बेताचा पास झाला. मालिनीला गणितात सत्त्याऐंशी आणि इतिहासात काठावरचे पस्तीस मिळाले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "इतिहासात काय झालं?"

"सर, त्यात प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. आईला पण माहीत नव्हतं," मालिनी म्हणाली. "सहावीला इतिहास कोण शिकवतं?"

हे हरिचंद्रांनी घरी येऊन तीनदा सांगितलं. दिवाळीत शाळा नको म्हणणारी मुलगी पुढच्या वर्गातले गुरुजी कोण, याची चौकशी करत होती.

जूनमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या सकाळी दोघं दप्तर घेऊन निघाली. आनंदा ताईच्या चालीने हळू चालत होता. रुळांपाशी या वेळी त्याने तिचा हात धरला असं नंतर कळलं. घर रिकामं झालं. दिवसभर मला कुणी हात लावला नाही आणि माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

पुढे खाचरांत इमारती उठल्या. १९९६ मध्ये घर पाडून त्या जागी बिल्डिंग झाली. मी आता तिथल्याच घराच्या माळ्यावर पोत्यात आहे. अंगावर हिरवट डाग आले आहेत. त्याचं दुःख नाही, काशाला ते व्हायचंच.

मित्रांनो, मला घासूनपुसून टांगा असं मी म्हणणार नाही. मागणं एवढंच आहे. कधी तुम्ही कुणाला शिकवायला बसाल, धाकट्या भावाला किंवा स्वतःच्या लेकराला, आणि ते मधेच भलताच प्रश्न विचारेल. तेव्हा घड्याळाकडे बघू नका. अठरा वर्षं मी माणसांना वेळेवर कामाला लावलं. पण मुलाचं मन कामाला लागायची वेळ मला एकदाही ठरवता आली नाही. ती ज्याची त्याला सापडते. तोवर शेजारी बसून राहा.